बायपासवरची आई

"ताई, गाडी आता गावात शिरत नाही. नव्या बायपासनं जाते," कंडक्टर म्हणाला आणि रंजनाचा चेहरा उतरला.

दर महिन्याला सासऱ्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेत माहेरचं स्टँड लागायचं. गाडी थांबली की आई खिडकीतून चटणीचा डबा द्यायची, तिच्या गालावरून हात फिरवायची. तेवढंच माहेर.

"अहो, आई स्टँडवर ताटकळत बसली असेल!" ती कंडक्टरला म्हणाली.

पण आईला बायपासचं आधीच कळलं होतं. ती रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, डबा उंच धरून उभी होती. रंजना "थांबवा!" म्हणून ओरडेपर्यंत गाडी पुढे निघून गेली.

तिनं खिडकीतून मान काढून पाहिलं. मागून दुसरी लाल गाडी येत होती. आईनं तिच्यासमोरही डबा उंच धरला.