तीन पुड्या

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी उभं राहिलं तेव्हा मैनाच्या कनवटीला गोळ्यांच्या तीन पुड्या तशाच होत्या, आणि थोड्या वेळापूर्वीच तिने नम्रता सिस्टरला ‘दिल्या’ म्हणून सांगितलं होतं.

खोटं बोलायची तिला खोड नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, काशीरामच्या, मोठ्या आतड्यात गाठ होती. ती काढायला कोल्हापूरचे सर्जन आले होते, आणि ते पंधरा दिवसांतून एकदाच रत्नागिरीत येत. काल दुपारी सिस्टरने पुड्या हातात ठेवल्या, एक वाजता, दोन वाजता आणि रात्री दहाला द्या म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे पळाली. कशासाठी, ते सांगायला तिला सवड नव्हती. विचारायची मैनाची छाती झाली नाही.

काशीराम काल सकाळपासून जुलाबाचं औषध पीत होता. अकरा वेळा जाऊन आला. बाराव्या वेळी भिंत धरत परतला तेव्हा मैना पहिली पुडी सोडत होती. त्याने हात आडवा घातला.

“पावसात कोन फवारणी करता गो? सगळा धुवून जायल. पाऊस थांबू दे, मग बघू.”

उभा जन्म त्याचा लोकांच्या आंब्यांवर औषध मारण्यात गेलेला. मैनाला ते सोळा आणे पटलं. एवढ्या चांगल्या गोळ्या संडासात कशाला घालवायच्या? ऑपरेशन झाल्यावर जखम असेल, तेव्हा कामाला येतील. आज सिस्टरने विचारलं तेव्हा ओरडा बसेल म्हणून ती ‘दिल्या’ म्हणाली, एवढंच.

आता पलीकडच्या बाकापाशी दुसऱ्या नंबरच्या पेशंटची सून सिस्टरला विचारत होती, की सासऱ्यांना काल एवढ्या गोळ्या कशाला दिल्या. सून शिकलेली, मिरजोळ्याच्या कंपनीत नोकरी करणारी. तिला मात्र सिस्टर नीट सांगत होती. जुलाबाने आतडं धुतलं जातं, पण जंतू राहतात. ते कापायच्या आधीच मारायचे असतात. नाहीतर आत शिवलेल्या जागी पू धरायची भीती असते.

मैनाला ऐकताक्षणी कळलं. मोहोरावर तुडतुड्यांची कीड पडायच्या आधी फवारायचं, तो काळा पडल्यावर नाही. एवढंच तर होतं. काल कुणी असं सांगितलं असतं तर नवऱ्याचं नाक दाबून तिने गोळ्या घातल्या असत्या. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त सिस्टरचा.

तिने सिस्टरला बाजूला घेतलं, कनवटीच्या पुड्या काढल्या आणि मूठ उघडली. “बाय, दिल्या नाय मी. डॉक्टरना सांग.”

नम्रताचा चेहरा उतरला. तिने पुड्यांकडे पाहिलं, मग काखेतल्या फाईलकडे. फाईलमध्ये एक, दोन आणि दहा, तिन्ही वेळांसमोर मैनाच्या शब्दावर ‘दिल्या’ लिहून तिने सह्या ठोकलेल्या होत्या. चाळीस खाटा आणि दोन सिस्टर. समोर उभं राहून गोळी गिळवायची, हा नियम भिंतीवर शोभायला ठीक होता.

“मावशी, आता सांगितलं तर आजचं रद्द होईल,” ती हळूच म्हणाली. “पुढची तारीख पंधरा दिवसांनी. तोवर गाठीने आतडं बंद पडलं तर? आत सुईतून औषध देणारच आहेत.”

“त्येनी भागल?”

नम्रताने मैनाच्या हातातल्या पुड्या उचलल्या, स्वतःच्या खिशात टाकल्या आणि फाईल थिएटरमधल्या माणसाकडे दिली. मैनाला ओरडून सांगायचं होतं. पण त्या पंधरा दिवसांत आतडं खरंच बंद पडलं तर?

दार उघडलं. काशीरामने मान वळवून तिला जवळ बोलावलं. कालच्या मानाने तो बराच निवांत दिसत होता.

“त्या गोळ्या नीट ठेव गो,” तो म्हणाला. “पाऊस थांबलाय आता. भायर आलो की घेतंय.”

मैनाने रिकाम्या कनवटीवर हात ठेवला.

“ठेवल्यात,” ती म्हणाली.