मांडवावरचे पडवळ

भागीरथीनं शेवटच्या पडवळाला सुतळीची गाठ मारली. पडवळ सरळ वाढावं म्हणून तिच्या कोकणात टोकाला दगड बांधतात. दगड अजून तळहातातच होता, पण हे पडवळ बोटांना गार लागलं आणि किंचित आक्रसलं.

नवऱ्याची बदली जैसलमेरच्या वाळवंटात झाली आणि तिनं तिथल्या अंगणात पडवळाचं बी लावलं, तेव्हा शेजारीण धापू हसली होती. "काटे पेर, बाई! इथं कोसभर हिरवं पान नाही. सावली केलीस तर तुझ्याआधी भलतेच येऊन बसतील तिच्यात." भागीरथीनं हट्टानं भांड्यांचं पाणी घालून वेल चढवला. काल नुसती फुलं होती, आणि आज दुपारी बघते तर मांडव लगडलेला! हरखून तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. सरसकट दगड बांधत सुटली.

आता पानांतून दोन डोळे तिच्या कपाळाकडे बघत होते. तिन्हीसांजेला सापाचं नाव कसं घ्यायचं?

"अहो," ती पुटपुटली, "जनावर आहे. शेपटीला मी दगड बांधलाय."

दारातला नवरा थिजला. "दगड सोडू नकोस गं! हिसका बसला तर डसेल. हळूच गाठ सोड."

घामेजल्या बोटांनी तिनं गाठ सोडली. शेपूट सळसळत पानांत गेलं.

"गेला! ये इकडे, भागे."

तिला पाऊल उचलवेना. ऊन उतरलं होतं, वाळू निवत होती आणि दिवसभर उन्हानं गुंगलेला मांडव जागा होत होता. वाऱ्यानं पानही हलत नव्हतं. तरी तिच्या चहूबाजूंचे दगड एकेक करून वर चढू लागले.