पांढरा सदरा

आमच्या सायकल ग्रुपच्या जर्सी ज्यांनी शिवल्या, त्या टेलरमास्तरांना मीच म्हणालो होतो, "या की एखाद्या रविवारी." ते खरंच आले. जुनी सायकल, पांढरा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली. चढावर त्यांनी आमच्यातल्या निम्म्यांना मागे टाकलं. माथ्यावर मी सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं. निळ्या जर्सींच्या रांगेत तो सदरा मला खुपला. "मास्तर, जरा बाजूला व्हाल? सगळे एकसारखे दिसायला हवेत." "हो हो," म्हणत ते चटकन सरकले. जाताजाता एकाची दुमडलेली कॉलर सरळ केली. फोटोचं कौतुक झालं. लोक विचारू लागले, "जर्सी शिवल्या कोणी?" दाखवायला माझ्याकडे मास्तरांचा एकही फोटो नव्हता. ओशाळून दुकानात गेलो. ते मशीनवर वाकले होते. कॅमेरा उचलताच ते लगबगीने उठून भिंतीशी सरकले. "घ्या," म्हणाले, "आता फोटोत मशीन नीट येईल."