साफ की नवीन

जरीपटक्याच्या गॅरेजात ओमप्रकाश मिस्त्रीनं बाबारावांच्या डिझेल गाडीचे, इंजिनात इंधन फवारणारे चारही इंजेक्टर काढून तपासले. "साफ केले तर दोनेक साल आरामात निघतील, बाबाराव. नवीन टाकले तर पाच वर्षं बघायचं काम नाही."

"नवीनच टाका गा," बाबाराव म्हणाले. "धरमपेठेच्या व्याह्यांचा निरोप आला. पोरीसोबत गाडी द्याच, पण धूर सोडणारी नको म्हणते."

त्यांची मुलगी प्रेमलता बाजूलाच उभी होती. साखरपुड्यापासून तिकडून रोज एक निरोप येत होता. कधी टायरचं विचारत, कधी रंगाचं. तिच्याबद्दल अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

ती पुढं झाली. "ओमप्रकाशभाऊ, साफच करा."

"काहून वं?" बाबाराव चमकले. "त्याइले नाही चालणार."

"गाडी तिकडं जाऊन नाही राहिली, बाबा. अन् मीही नाही."

मिस्त्री हात पुसत थांबला. बाबाराव उघड्या बोनेटकडं वळले. पोरीकडं त्यांनी पाहिलंच नाही, पण आवाज मोकळा झाला होता.

"साफच करा, मिस्त्री. घरच्या गाडीले तेवढं पुरते."