सात अधिक एक

सात अधिक एक, चार आले.

सयाजीने सगळे खटके खाली केले, पुन्हा वर केले. पुन्हा चार. तेही दसऱ्याचं सोनं द्यायला आलेल्या अख्ख्या मजल्याच्या देखत. पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत आज पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सयाजीने स्वतःच सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं.

जेवणाच्या टेबलावर प्लायवुडची फळी, फळीवर आकडे लावायचे हाताचे खटके आणि आठ रिले. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. वीज आली की आतली पट्टी टक करून ओढली जाते, गेली की सुटते. पुढे चार दिवे, त्यांच्याखाली आकडे चिकटवलेले : आठ, चार, दोन, एक. पेटलेल्या दिव्यांची बेरीज केली की झालं उत्तर. आता आठाचा दिवा लागायला हवा होता, लागला होता चाराचा.

चाकणच्या कंपनीत सयाजी मेंटेनन्सला. जुन्या पॅनेलमधले हे रिले भंगारात निघाले तेव्हा त्याने रीतसर गेटपास करून घरी आणले. त्याची मुलगी वर्षाली माणच्या आयटी कंपनीत आहे. कॉम्प्युटर आतून बेरीज कशी करतो गं, असं त्याने तिला सहज विचारलं होतं. ती म्हणाली होती, बाबा, ते आम्हालाही बघावं लागत नाही. झालं, गडी पेटला. आठ महिने दर गुरुवारची सुट्टी या फळीत गेली. एकाचा हातचा दुसऱ्याकडे कसा द्यायचा, एवढ्यासाठी दोन महिने गेले. आणि आठ महिने घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवली.

शेवटी गणपतीत कौशल्याबाईने नवऱ्याला सगळ्यांसमोर मुदत घातली. दसऱ्यापर्यंत याला बेरीज आली तर ठीक, नाहीतर टेबल मोकळं आणि फळी भंगारात. सयाजी ताठ मानेने हो म्हणाला होता. कालपर्यंत फळी पंधरापर्यंतची प्रत्येक बेरीज बरोबर करत होती हो! म्हणून तर एवढा तोरा.

“चार तर चार,” समोरच्या विमलबाई समजुतीने म्हणाल्या. “काहीतरी आलं की.”

या समजुतीने सयाजीचे कान आणखी लाल झाले. पाहुणे गेल्यावर बघू या, असं वर्षालीने हळूच सुचवलं. त्याने ऐकलं नाही. एकेक वायर ओढून बघितली, स्क्रू पिळून बघितले, दोनदा मेन बंद करून चालू केला. वायरिंगमध्ये खोट नव्हतीच. त्याला रडू यायचं बाकी होतं.

कौशल्याबाई श्रीखंडाच्या वाट्या घेऊन बाहेर आली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पैज तिने जिंकली होती, ‘उचला आता’ एवढंच म्हणायचं होतं. तिने ट्रे विमलबाईंच्या मांडीवर ठेवला.

“परत सात लावा,” ती म्हणाली.

त्याने तीन खटके वर केले.

“दोनदाच वाजलं. साताला तीनदा वाजतं. एक, दोन आणि चार. तुमचा चाराचा वाजला नाही.”

खोलीत कुणाला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. सयाजीला तर येणारच नाही, सव्वीस वर्षं प्रेस शॉपच्या धडधडाटात काढलेले कान ते. तो दिव्यांकडे बघून काम करायचा, आणि आज त्याची नजर न लागणाऱ्या आठाच्या दिव्यावरच होती. पण पलीकडे ओट्यापाशी कणीक मळताना तिने आठ महिने ही टकटक ऐकली होती. आवाजावरून तिला कळायचं, आज यांनी पाच लावलेत की सहा.

चष्मा सावरून ती फळीवर वाकली. बांगडीची सेफ्टी पिन काढून चाराच्या रिलेत घातली आणि पट्टीखालून एक तांदळाचा दाणा उकरून काढला. कुंकवाने लाल झालेला.

तेव्हा कुठे उलगडा झाला. सकाळी तिने गॅसची पूजा केली, स्कूटरची केली, वर्षालीच्या लॅपटॉपची केली आणि कुणी न सांगता या फळीचीही केली. कंपनीत खंडेनवमीला एकूण एक मशिनला हळद-कुंकू लागतं, मग याने काय पाप केलंय, असं तिला वाटलं. फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. आणि पट्ट्या हलताना दिसाव्यात म्हणून सयाजीने रिलेंची झाकणं काढून ठेवलेली!

सगळे खो खो हसले. कौशल्याबाई सगळ्यात जास्त.

सयाजीने पुन्हा सात लावले. टक, टक, टक. चार, दोन, एक असे तिन्ही दिवे पेटले. मग त्याने एक मिळवला. तिन्ही दिवे एकदम विझले आणि पलीकडे आठाचा एकटा पेटला.

वर्षाली खुर्ची ओढून फळीसमोर बसली. हातचा एवढ्या लांब गेला कसा, ते सावकाश करून दाखवा म्हणाली. पुढची पंधरा मिनिटं सयाजी तिला वायरीवर बोट फिरवून समजावत राहिला आणि श्रीखंड पातळ झालं.

पाहुणे गेल्यावर कौशल्याबाईने जमिनीवर चटई अंथरून ताटं मांडली. पुरी वाढता वाढता तिने विचारलं, याला वजाबाकी येते का.

“येईल,” सयाजी ताटाकडे बघत म्हणाला. “पण अजून चार रिले लागतील. आणि थोडी जागा.”

सात वाजत आले होते, तिची मालिका लागायची वेळ. तिने भिंतीशी स्टँडवर ठेवलेल्या टीव्हीकडे पाहिलं.

“आपण खाली बसतोच आहोत,” ती म्हणाली, “टीव्हीपण बसेल.”