कमी हवेची गन

पहिली स्प्रे गन तिने नुसती हातात तोलली आणि काउंटरवर परत ठेवली. जड होती. दुसरीला वायर होती, कॉम्प्रेसरशिवाय चालणारी. ती भिंतीला आणि गेटला ठीक, गाडीवर रंग संत्र्याच्या सालीसारखा बसेल, असं सांगून दुकानदारानेच ती बाजूला सारली.

कॉम्प्रेसर केवढा आहे, त्याने विचारलं. पंक्चरवाल्याकडून आणणार आहे, लहानच आहे, ती म्हणाली. मग दुकानदार खुलला. लहान कॉम्प्रेसरवर मोठी गन म्हणजे दमेकऱ्याला फुगे फुगवायला बसवण्यासारखं, असं म्हणत त्याने मागच्या फळीवरून एक हलकी गन उतरवली. वरच्या कपाची, कमी हवा खाणारी.

रंगवायचं किती आहे ते बघायला तो तिच्याबरोबर बाहेर आला. शाळेच्या मुलांची व्हॅन होती. सरकत्या दारावर वर्तमानपत्र चिकटवलेलं. तिने त्याचा कोपरा सोडवून वर धरला. खाली खिळ्याने एकच शब्द कोरला होता, हातभर लांब. दुकानदाराने तो वाचला आणि कागद स्वतःच्या हाताने पुन्हा दाबून बसवला.

"वरून नुसता रंग मारू नका, ताई," तो म्हणाला. "रंगाखालूनही वाचता येईल. आधी पत्रा दिसेपर्यंत घासा."

हे काम घरी कशाला, गॅरेजला का देत नाही, असं त्याने विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. नवरा जाऊन वर्ष झालं. भावाची गाडी आता आपली, असं धाकट्या दिराचं म्हणणं. ती चावी देत नव्हती. शब्द त्यानेच कोरला होता, आणि या व्हॅनला कुणी हात लावायचा नाही असा दम त्यानेच एकूणएक पेंटरला भरला होता.

दुकानदार तिला घेऊन पुन्हा आत आला. त्याने त्या हलक्या गनला हवेचा पाइप जोडला, कपात थिनर ओतलं, पुठ्ठ्यावर एकदा फवारून दाखवलं आणि गन तिच्या हातात दिली. वीतभर अंतर ठेवायचं, मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरळ न्यायचा. पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या खेपेला ओला पट्टा एकसारखा उमटला आणि कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात दीर आत आला. रस्त्यावरून जाताना त्याला व्हॅन दिसली होती. हिला काही द्यायचं नाही, असं त्याने दुकानदाराला बजावलं. गिऱ्हाईक आहे ते माझं, तुम्ही जरा बाहेर थांबा, दुकानदार म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. कानाखाली अशी बसली की तो मांडणीवर जाऊन आदळला आणि प्रायमरचे डबे गडगडत खाली आले.

मग दिराने तिची वेणी मुठीत गुंडाळली आणि तिचं डोकं काउंटरवर आपटलं. काच तडकली.

"चावी," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिचा ओठ फाटला. गन हातातच होती. तिने मान वळेल तेवढी वळवली आणि घोडा दाबला. थिनर सरळ त्याच्या डोळ्यांत गेलं.

वेणी सुटली. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मागे सरकला आणि स्टुलाला अडखळून पडला. तिने गनच्या लोखंडी मुठीने त्याच्या खांद्यावर हाणलं. हाड वाजल्याचं तिला ऐकू आलं. आता तो कुणाचंच काही वाकडं करू शकत नव्हता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी तिने पुन्हा हाणलं. तिसऱ्या घावाला त्याचं कपाळ फुटलं. चौथ्यासाठी हात वर गेला.

"वहिनी," तो म्हणाला, "मला दिसत नाहीये."

वर्षभरात त्याने तिला वहिनी म्हटलं नव्हतं.

हात वरच राहिला. मग तिने गन खाली ठेवली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला फरफटत मागच्या नळापाशी नेलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंगठ्याने पापणी वर धरून मगाने पाणी ओतायला लागली. तो आचके देत होता, मान हिसडत होता.

"मिटू नको," ती म्हणत होती. "उघडे ठेव डोळे. उघडे ठेव."

तिच्या ओठातलं रक्त त्याच्या शर्टावर गळत होतं. त्याच्या कपाळाचंही तिथेच उतरत होतं.

दुकानदार गाल धरून दारात येऊन उभा राहिला. पोलिसांना फोन लावू का, त्याने विचारलं. आधी डॉक्टरला, ती म्हणाली. मग पोलिसांनाही लावा.

"कोरणारा तो हाच ना?"

"हाच."

दिराने चाचपडत तिच्या ओढणीचं टोक पकडलं होतं. बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट.

"मी लग्न होऊन आले तेव्हा पाच वर्षांचा होता," ती म्हणाली. "डोळ्यात साबण गेला की असंच धरून ठेवायचा."

दुकानदाराने खिशातून फोन काढला. तिने ओढणी सोडवून घेतली नाही. रिकामा मग तिने पुन्हा नळाखाली धरला.

"ती हलकी गन बांधून ठेवा," ती म्हणाली आणि त्याची दुसरी पापणी उघडली.