गाऊनवरची ओढणी

“आई, इथे गाऊन घालून खाली जात नाहीत हो,” असं बजावून शर्वाणी सांगलीहून आलेल्या सासूबाईंना कपडे घ्यायला घेऊन आली होती. बर्लिनमध्ये बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि दुकानातल्या पुतळ्यांना मात्र लोकरीचे स्वेटर चढले होते. उन्हाळी म्हणून जे काही कोपऱ्यात उरलं होतं, ते सगळं पॉलिएस्टरचं.

सासूबाई ट्रायल रूममध्ये एक पँट कशीबशी चढवून बघत होत्या. बाहेर उभ्या शर्वाणीची जीन्स घामाने पायांना चिकटली होती. “घरी जाऊ या गं,” पडद्याआडून आवाज आला. “यात मी उकडून निघेन.”

दोघी हात हलवत परतल्या. घरात पंखासुद्धा नव्हता. सासूबाईंनी बॅगेतून धुऊन धुऊन विटलेला एक सुती गाऊन काढला आणि सुनेच्या हातात ठेवला.

तो घालून शर्वाणी खिडकीशी उभी राहिली, तेव्हा कुठे तिच्या अंगाला वारा लागला. खाली झाडाच्या सावलीत शेजारणी खुर्च्या टाकून गप्पा मारत होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

“चला आई, तुम्हीही गाऊन घाला. आपण खाली जाऊन बसू.”

ती चप्पल घालून दाराशी पोहोचलीसुद्धा.

“अगं, थांब!” सासूबाईंनी बॅगेतून ओढणी काढून तिच्या खांद्यांवर नीट पसरली. “नुसत्या गाऊनवर तर आम्हीसुद्धा खाली जात नाही.”